अंधारात कोणता कॅमेरा? सोनी, कॅनन, निकॉन आणि रंगमंचावरचे एलईडी

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, याचा आकडा) १,०२,४०० असं ठळक लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात नाट्यगृहात, लग्नाच्या संगीताला किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत फोटो काढणाऱ्याचा मुक्काम ३२०० ते १२८०० यांच्या मध्येच असतो. या टप्प्यात आजचे फुल-फ्रेम कॅमेरे एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत की निव्वळ नॉइज (चित्रातले रवाळ ठिपके) बघून निवड करायला गेलात तर निकाल लागणारच नाही. तरीही दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "कमी उजेडात नॉइज कुणाचा कमी?"

तुलनेला घेतले आहेत ते तीन कॅमेरे असे. सोनी ए७एस ३, २०२० चा, १२.१ मेगापिक्सेल. कॅनन आर६ मार्क २, २०२२ चा, २४.२ मेगापिक्सेल. निकॉन झेड६ ३, २०२४ चा, २४.५ मेगापिक्सेल. सोनी बाजारात आला तोच तीन लाखांच्या वर. बाकीचे दोघे अडीच लाखांच्या आसपास. तिन्ही कॅमेरे व्यावसायिक कामाला पुरून उरतात. फरक पडतो तो फोकसमध्ये, आवाज न करता फोटो घेण्यात आणि एलईडी दिव्यांखाली.

आधी नॉइजचा विषय संपवू. सोनीचे पिक्सेल मोठे, म्हणून तो अंधारात चांगला, हे वाक्य अर्धंच खरं आहे. तिन्हींचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचाच. तेवढ्या क्षेत्रफळावर तेवढाच प्रकाश पडतो आणि वरच्या आयएसओला दिसणारा बहुतेक नॉइज हा कमी प्रकाशाचाच नॉइज असतो, कॅमेऱ्याचा नव्हे. स्क्रीनवर १०० टक्के झूम केलं की सोनी स्वच्छ दिसतो. कारण तेव्हा आपण त्याचं चित्र कमी मोठं करून बघत असतो. तिन्ही चित्रं एकाच आकारात छापली की ६४०० ला कुठलं कुणाचं, हे सांगायला भिंग लागेल.

उलट १२ मेगापिक्सेलची अडचण अल्बममध्ये कळते. लग्नाच्या अल्बमचं पान उघडलं की १२ बाय ३६ इंच होतं. त्यावर वरातीचा एकच आडवा फोटो पसरला, तर सोनीच्या ४२४० पिक्सेल रुंदीतून इंचाला सुमारे ११८ पिक्सेल मिळतात. कॅननच्या ६००० मधून १६७, निकॉनच्या ६०४८ मधून १६८. शिवाय १२ बाय ३६ साठी फोटोचा वरचा-खालचा निम्मा भाग कापला जातो, तो वेगळा. पाठीमागे उभे असलेले काका-मामा ११८ ला मऊ दिसू लागतात. स्थिरचित्रण हाच धंदा असेल तर सोनीचा विचार इथेच थांबवायला हरकत नाही.

निकॉनबद्दल एक तक्रार सारखी कानावर येते: आयएसओ १०० ला याच्या गडद भागात आधीच्या झेड६ २ पेक्षा जास्त नॉइज आहे. तक्रार खरी आहे. झेड६ ३ चा सेन्सर अर्धवट स्टॅक्ड प्रकारचा. माहिती वाचण्याचा वेग वाढवताना तळच्या आयएसओची थोडी डायनॅमिक रेंज (गडद आणि उजळ तपशील एकत्र टिपण्याची क्षमता) गेली. मात्र आयएसओ ८०० ला सेन्सर दुसऱ्या गेनवर (सिग्नल वाढवण्याच्या वरच्या पातळीवर) जातो आणि तिथून पुढे हा फरक उरत नाही. सह्याद्रीत सूर्योदय टिपून सावल्या चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) उचलणाऱ्याने याची काळजी करावी. नाट्यगृहात बसणाऱ्याने करू नये. फक्त एवढं लक्षात ठेवा की निकॉनवर ५०० किंवा ६४० वापरण्यात काही कमाई नाही. तेवढा उजेड असेल तर ४०० च्या खाली या, नसेल तर सरळ ८०० लावा.

आता आयएसओ ठरतो कशावरून ते बघू. संवाद चालू आहेत, नट उभे आहेत, समोरचे दिवे पुरेसे आहेत, अशा प्रवेशाला १/२०० सेकंदाचा शटर-वेग पुरतो. एफ/२.८ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) आयएसओ ३२०० ते ६४०० लागेल. लावणीत गिरकी आली की १/५०० च्या खाली हात, पदर आणि घुंगरू सगळंच पुसट होतं, म्हणजे तोच एफ/२.८ आता १२८०० मागतो. त्याऐवजी ८५ एमएम एफ/१.८ लावली तर तोच फोटो ५००० ला होतो. कुठल्याही दोन बॉडींमध्ये सव्वा स्टॉपचा फरक नाही. अडीच लाखांची बॉडी बदलून जे मिळत नाही ते एक साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) देते. "आठ स्टॉपचं स्टॅबिलायझेशन" हे कॅनन आणि निकॉन दोघेही सांगतात. ते तुमचा हात थांबवतं, नाचणारीचा नाही.

फोकसचे आकडे नीट वाचा

कितपत अंधारात फोकस लागतो ते कंपन्या ईव्ही या मापात सांगतात; आकडा जितका उणे, तितका अंधार. सोनी उणे ६ ईव्ही सांगतो, कॅनन उणे ६.५, निकॉन उणे १०. आकड्यांवर गेलं तर निकॉन कोसभर पुढे. पण हे तिन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. सोनीचा आकडा एफ/२ लेन्सवरचा, बाकी दोघांचा एफ/१.२ लेन्सवरचा. एफ/१.२ आणि एफ/२ यांच्यात सुमारे दीड स्टॉप आहे. सगळ्यांना एफ/२ वर आणलं तर कॅनन उणे ५ ला येतो आणि सोनी त्याच्या पुढे जातो. निकॉनचा उणे १० हा 'स्टारलाइट व्ह्यू' चालू केल्यावरचा आकडा. त्यात व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अडखळत चालतं, म्हणजे तारे आणि शांत उभी देवळं यांसाठीच तो कामाचा. नेहमीच्या वापरात तो उणे ८, म्हणजे एफ/२ च्या हिशेबाने साडेसहा. तरीही तिघांत पुढेच, पण दिसतो तेवढा नाही.

आणि खरं सांगायचं तर रंगमंचावर हा आकडा कामाला येतच नाही. एफ/२.८, १/२५०, आयएसओ ६४०० म्हणजे जवळपास अधिक ५ ईव्ही. निळ्या उजेडातला रात्रीचा प्रवेशसुद्धा अधिक १-२ च्या घरात असतो. पौर्णिमेचं चांदणं उणे २-३. मग फोकस चुकतो तो का? उजेड कमी म्हणून नव्हे, कॉन्ट्रास्ट मेला म्हणून. धुराचं मशीन सुरू झालं, मागून दिवा थेट लेन्समध्ये आला, किंवा सगळा मंच एकाच लाल रंगात बुडाला, की कॅमेऱ्याला धरायला कडच सापडत नाही. फोकस मागेपुढे भटकायला लागतो.

अशा वेळी तिघांमध्ये कॅननची पकड सगळ्यात शांत. माणूस एकदा पकडला की डोकं वळवलं, पाठ केली, तरी सोडत नाही आणि धुरात उगाच मागच्या पडद्यावर उडी मारत नाही. निकॉन जवळजवळ तितकाच चांगला. फेटा किंवा मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या की मात्र चेहऱ्यावरून दागिन्यांवर सरकण्याची त्याला खोड आहे. सोनीचा फोकस अजूनही भरवशाचा आहे, पण तो २०२० चा आहे आणि ते वय दिसतं. तिन्हींवर एकच उपाय चालतो: पूर्ण फ्रेमभर शोधायला सांगू नका. छोटा झोन घ्या, तो चेहऱ्यावर ठेवा आणि ओळख त्या झोनच्या आतच होऊ द्या. समोरचा फोकस-सहायक दिवा बंद करा. तो थेट नटाच्या डोळ्यांत जातो, आणि दहा-पंधरा मीटरवर त्याचा उपयोग शून्य.

एलईडीचे पट्टे

इथे जरा थांबू, कारण सध्या सगळ्यात जास्त फोटो याच कारणाने वाया जातात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक फेरी. कॅननच्या इलेक्ट्रॉनिक शटरला (पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या) पूर्ण सेन्सर वरून खाली वाचायला साधारण १५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात दिव्याची दीड फेरी होते, म्हणून फोटोवर एक-दोन रुंद काळसर पट्टे उमटतात. यांत्रिक शटरचा पडदा ४-५ मिलिसेकंदांत खाली येतो. त्यामुळे पट्टा पूर्ण दिसत नाही, पण फोटोचा खालचा भाग वरच्यापेक्षा अंधारा येऊ शकतो. यावर तिन्ही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर आहे: कॅमेरा दिव्याचा उजेड सर्वांत जास्त असताना शटर सोडतो. बर्स्टचा (सलग फोटोंचा) वेग थोडा कमी होतो, बटण दाबल्यावर क्षणभर उशीर जाणवतो, पण सगळ्या फोटोंचं एक्स्पोजर एकसारखं येतं. सोनीत ही सोय यांत्रिक शटरवरच चालते.

रंगीत स्टेज-लाइट, मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे) आणि मागची एलईडी भिंत हे प्रकरण वेगळं. त्यांचा उजेड मंद करायला दिवा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा बंद-चालू केला जातो. फोटोत मग रुंद पट्टे नाही, बारीक आडव्या रेषा येतात. नववारीच्या काठावर त्या पडल्या की जरीचंच काम वाटतं, घरी मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावर कळतं. अँटी-फ्लिकर इथे हात टेकतो. इलाज एकच, शटरचा वेग त्या दिव्याच्या वेगाशी जुळवणं. १/२५० आणि १/३२० यांच्या मधले, दशांशातले वेग त्यासाठी लागतात. कॅननची उच्च-वारंवारिता अँटी-फ्लिकर सोय दिवा ओळखून वेग स्वतः सुचवते. निकॉनमध्ये तेच काम डायल फिरवत, व्ह्यूफाइंडरमधल्या रेषा पुसट होईपर्यंत हाताने करायचं. सवय झाली की अर्ध्या मिनिटाचं काम. पण वरमाला पडत असताना अर्धं मिनिट कुणाकडे असतं?

म्हणून कार्यक्रमाआधी, लाइटवाला दिवे तपासत असतानाच चाचणी उरका. इलेक्ट्रॉनिक शटर लावा, पांढऱ्या किंवा फिकट पडद्यावर १/१००, १/२५० आणि १/५०० असे तीन फोटो घ्या आणि मोठे करून बघा. १/१०० ला स्वच्छ पण १/२५० ला रुंद पट्टे, तर दोष विजेच्या लयीचा: यांत्रिक शटर आणि अँटी-फ्लिकर. १/५०० ला बारीक रेषा, तर दोष डिमरचा: वेग जुळवा, किंवा लाइटवाल्याला दिवे पूर्ण उजेडावर ठेवायला सांगा. पूर्ण उजेडावर बऱ्याच दिव्यांचं ते बंद-चालू जवळपास थांबतं. मागची भिंत आणि पुढचे दिवे वेगवेगळ्या लयीत असतील तर दोघांनाही जुळेल असा वेग मिळणार नाही. चेहऱ्यावरचा दिवा जुळवा, भिंतीवरच्या रेषा राहू द्या. भिंत फोकसच्या बाहेर असली तर त्या कमी खुपतात.

रंगाचा त्रास याच दिव्यांचा. जांभळ्या-निळ्या उजेडात निळा चॅनेल फुटतो (मर्यादेपलीकडे जाऊन तपशील गमावतो) आणि लाल-हिरव्यात काहीच उरत नाही. चेहरा म्हणजे निळा सपाट ठिपका. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक म्हणतो, म्हणून लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवा आणि निळा उजव्या भिंतीला टेकला की दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली उतरा. ८०० च्या वर हे कॅमेरे सावल्या उचलू देतात. फुटलेला निळा परत मिळत नाही. सफेद झब्ब्यातला गायक एकट्या स्पॉटखाली बसला असेल तरी हाच नियम. निकॉन आणि सोनीत हायलाइट सांभाळणारं मीटरिंग आहे, ते लावून निवांत बसता येतं. कॅननमध्ये ते नाही. मॅन्युअलवर या आणि झब्ब्यावर नजर ठेवा.

आवाज

नाटकाच्या प्रयोगाला किंवा सवाई गंधर्वसारख्या मैफलीत आलाप चालू असताना यांत्रिक शटर वाजवणं म्हणजे शेजारच्याच्या शिव्या खाणं. इथे इलेक्ट्रॉनिक शटरला पर्याय नाही, आणि वर सांगितलेले पट्टे नेमके त्याच शटरला सगळ्यात जास्त छळतात. हाच खरा पेच आहे आणि निकॉनचे पैसे इथे वसूल होतात. अर्धवट स्टॅक्ड सेन्सर झेड६ २ च्या सेन्सरपेक्षा बराच लवकर वाचून होतो, त्यामुळे पट्टे कमी आणि तबलजीची बोटं वाकडी होण्याचं प्रमाणही कमी. कॅननचं इलेक्ट्रॉनिक शटर सेकंदाला ४० फोटो काढतं, पण रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती) १४ ऐवजी १२ बिटची होते. ६४०० ला तो फरक डोळ्यांना दिसत नाही. द्रुत लयीत वाजवणाऱ्याची वाकडी झालेली काठी मात्र दिसते.

एक साधी गोष्ट बरेच जण विसरतात. शटर गप्प असलं तरी मागची स्क्रीन काळोखात मशालीसारखी पेटते. स्क्रीन आत वळवून बंद करा, फोटो काढल्यावर दिसणारा रिव्ह्यू बंद करा, व्ह्यूफाइंडरवरच काम करा. निकॉनचा व्ह्यूफाइंडर तिघांत सगळ्यात उजळ, ४००० निट्सचा. काळोख्या सभागृहात तो ऑटोवर सोडू नका, हाताने खाली आणा. नाहीतर डोळा दिपतो आणि आपण नकळत सगळे फोटो अंडर, म्हणजे कमी उजेडाचे, काढत जातो.

व्हिडिओचं काम असेल तर

मग सोनीच. ए७एस ३ हा मुळात व्हिडिओचा कॅमेरा आहे आणि त्याला त्याच तराजूत तोललं पाहिजे. एस-लॉग ३ (नंतर रंग सुधारायला सोयीचा, सपाट चित्रणाचा प्रकार) मध्ये याचे तळचे आयएसओ दोन आहेत, ६४० आणि १२८००. १२८०० ला दुसरा गेन चालू होतो, म्हणून ८००० किंवा १०००० ला चित्रण १२८०० पेक्षा जास्त खराब येतं. नवखे लोक "आयएसओ कमी तेवढा चांगला" या हिशेबाने ८००० वर थांबतात आणि सावल्यांत किडे वळवळताना बघतात. उजेड १२८०० ला जास्त होत असेल तर व्हेरिएबल एनडी (उजेड कमी-जास्त अडवणारा फिल्टर) लावा, आयएसओ उतरवू नका. शटर १/५० ठेवा. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली २५ फ्रेमला तेच जुळतं. २४ फ्रेमच्या हौसेपायी १/४८ च्या जवळचा वेग घेऊन लुकलुक ओढवून घेऊ नका.

लेन्स, डिनॉइज आणि बाकीचं

बॉडी निवडताना माउंट (लेन्स जिथे बसते ती जोडणी) निवडला जातो, आणि अंधारात काम करणाऱ्यासाठी कॅननचं दुखणं इथे आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर फुल-फ्रेमच्या ऑटोफोकस लेन्सेससाठी बाहेरच्या कंपन्यांना दार जवळपास बंदच राहिलं आहे. कॅननची स्वतःची २८-७० एफ/२ अप्रतिम, पण १४३० ग्रॅमची. चार तास खांद्यावर घेऊन बघा. सोनीला सिग्मा आणि टॅमरॉनचा सगळा बाजार खुला आहे, २८-४५ एफ/१.८ पासून. लग्नवाल्यांची लाडकी टॅमरॉन ३५-१५० एफ/२-२.८ सोनी आणि निकॉन दोघांनाही मिळते, कॅननला नाही. संगीताच्या रात्री ही एकच लेन्स लावून काम उरकतं. निकॉनच्या स्वतःच्या एफ/१.८ एस प्राइम एफ/१.८ वरच शार्प आहेत, स्टॉप डाउन करायची (लेन्सचं तोंड आवळायची) गरज पडत नाही.

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरचा, नॉइज काढणारा एआय डिनॉइज २०२३ मध्ये आला आणि १२८०० बद्दलची भीती गेली. पण तो सगळ्या फोटोंवर चालवायचा नसतो. ग्राफिक कार्ड बेताचं असेल तर एकेका फाइलला मिनिट जाऊ शकतं. पंधराशे फोटो म्हणजे पूर्ण दिवस. अल्बमला निवडलेल्या ऐंशी-शंभर फोटोंवरच वापरा आणि जोर ४०-५० च्या पुढे नेऊ नका. त्यापुढे मेकअप केलेला चेहरा मेणाचा होतो आणि पैठणीतले मोर वितळतात.

भंडारदरा-पुरुषवाडीला जूनच्या तोंडावर काजवे टिपायचे असतील तर यातला कुठलाही कॅमेरा चालेल: एफ/१.८, १५ ते २० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००, फोकस उजेड असतानाच लावून मॅन्युअल. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा काळा फोटो घेत बसतो आणि मधले काजवे हुकतात. शेवटी लेन्सला टोपी लावून चार-पाच काळे फोटो घ्या आणि हॉट पिक्सेल (लांब एक्स्पोजरला चमकणारे खोटे ठिपके) त्यांच्या मदतीने घरी काढा. टॉर्च अजिबात लावू नका, काजवे विझतात.

कार्डांचं थोडक्यात. कॅननला दोन एसडी, सोनीच्या दोन्ही खाचांत एसडी किंवा सीएफएक्स्प्रेस ए, निकॉनला एक सीएफएक्स्प्रेस बी आणि एक एसडी. दोन्हींवर एकाच वेळी बॅकअप लिहायला लावलं की निकॉनचा वेग एसडीच्या वेगावर येतो. तेव्हा महागडं सीएफएक्स्प्रेस घेऊन शेजारी स्वस्तातलं एसडी घालण्यात अर्थ नाही. बॅटरी निकॉनची तिघांत सगळ्यात लवकर संपते. लग्नाला चार लागतील, नाटकाला दोन. आणि ती मध्यंतरातच बदला, ३० टक्के उरली असली तरी.